वाडीतील बिनखातेदार

वाणगावच्या मिरचीचा लौकिक मुंबईच्या बाजारापर्यंत पोहोचलेला असला, तरी तिच्या वाडीत सकाळच्या प्रहरी राबणाऱ्या माश्यांची ओळख करून घेण्याची तसदी फारच थोडे लोक घेतात. वस्तुतः ढोलीत समांतर पोळी बांधणारी सातेरी, उंच फांदीला एकच विशाल पोळे टांगणारी आग्या, झुडपाच्या डहाळीभोवती तळहाताएवढा संसार थाटणारी फुलोरी आणि भिंतीच्या फटीत राहणारी दंशहीन, चिमुकली कोती, या चौघी त्यांच्या घरांवरूनच ओळखाव्यात. एकांतवासी माश्यांचा मामला याहून मनोरंजक आहे. वांग्याच्या फुलातील पराग परागकोशाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रांआड कोंडलेला असल्यामुळे, मधासाठी ख्यातकीर्त असलेली सातेरी तेथे जवळजवळ निरुपयोगी ठरते. उदरावर निळे पट्टे मिरवणारी माशी किंवा काळा भुंगा फुलाला बिलगून, पंख न फडकवता, केवळ छातीच्या स्नायूंनी थरारू लागतो, तेव्हाच तो पराग चाळणीतल्या पिठासारखा झरतो. मिरचीचे परागकोश उभे उकलतात. तिला एवढा आटापिटा लागत नाही. निळ्या पट्ट्यांची माशी मातीत बीळ करते, भुंगा वाळलेल्या लाकडात वा बांबूत. तेव्हा बांध खरवडून, कुडाचे बांबू उपटून सिमेंटचे खांब रोवणाऱ्या बागाइतदाराने वांगी धरत नसल्याची तक्रार कृषिखात्याकडे गुदरण्यापूर्वी थोडे थांबावे.