उंची कोणी मोजायची?

आमच्या महाविद्यालयात मराठी वाङ्मय मंडळातर्फे दरवर्षी वादविवाद स्पर्धा होते. विषय ठरवण्याचे आणि परीक्षण करण्याचे काम गेली काही वर्षे आम्हा दोघांकडे आहे. या खेपेस आम्ही विषय दिला : 'मुंबईने आणखी उंच इमारती बांधू नयेत.' विषय देताना आम्ही पुरते तटस्थ नव्हतो, हे आधीच सांगून टाकलेले बरे. मराठी साहित्याचा अध्यापक टॉवरच्या बाजूने कधी उभा राहत नाही. चाळ, गिरणी, भोंगा, कामगार रंगभूमी हा आमचा अभ्यासविषय, आणि टॉवर हा त्या साऱ्याचा मारेकरी, असे आमच्या मनाने केव्हाच ठरवून टाकलेले. मुलेही हेच बोलतील असे आम्ही गृहीत धरले होते आणि बहुतेक तसेच बोललीही. गगनचुंबी, टोलेजंग, सिमेंटचे जंगल ही ठरलेली विशेषणे येऊन गेली. काहींनी तर आमच्याच वर्गातल्या व्याख्यानांची वाक्ये आम्हाला परत केली.

मग ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत राहणारी, द्वितीय वर्षातली एक विद्यार्थिनी उठली. ती ठरावाच्या विरुद्ध बोलली, म्हणजे उंच इमारतींच्या बाजूने. "सर, मॅडम, तुम्ही शिकवता ती चाळ मला आवडते," ती म्हणाली, "पण त्या चाळीत रात्री दोन वाजता आजीला धरून मजल्याच्या टोकाच्या संडासापर्यंत न्यावे लागत नाही." सभागृहात हशा पिकला. ती हसली नाही. १६० चौरस फुटांच्या खोलीत सहा माणसे, आणि समोर ५०० चौरस फुटांच्या घराचे आश्वासन. ते विसाव्या मजल्यावर असो की पस्तिसाव्या, तिला फरक पडत नव्हता. "माझ्या आजीला जमिनीजवळ राहण्याची हौस नाही," हे तिचे शेवटचे वाक्य होते.

हा लेख त्या भाषणामुळे लिहितो आहोत. गुण देताना आमच्या दोघांत मतभेद झाले. पण तो भाग पुढे.

आधी आमच्या हळवेपणाविषयी. चाळीविषयीची मराठी मध्यमवर्गाची हुरहुर ही मुख्यतः गिरगावातली आहे. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली आणि चाळ म्हटले की तीच सर्वांच्या डोळ्यांसमोर उभी राहू लागली. बीडीडी चाळींची जात वेगळी. १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे कामगारांना डांबण्यासाठी (हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो) त्या बांधल्या. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे, खानावळी, गावाकडच्या मंडळांचे गाळे हे गिरणगावचे वास्तव होते. नारायण सुर्वे, अण्णा भाऊ साठे यांच्या लेखनाने त्या वास्तवाला भाषा दिली; त्यांनी त्याला गोंजारले मात्र नाही. गोंजारण्याचे काम पुढे आम्ही अध्यापकांनी केले.

तेव्हा प्रश्न चाळ की टॉवर असा नाही, एवढे त्या मुलीने आम्हाला मान्य करायला लावले. तरीही मुंबईच्या अतिउंच इमारतींबद्दलचा आमचा आक्षेप संपत नाही. फक्त तो आता दुसरीकडे सरकला आहे.

या शहरात उंचीला नेहमीच काही ना काही अर्थ होता. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि मनोऱ्याला आपल्या आईचे नाव दिले. त्याची उंची २८० फूट. दृष्टी गेलेल्या आईला सूर्यास्तापूर्वी जेवता यावे म्हणून घड्याळाचे ठोके, अशी एक कथा सांगितली जाते. खरीखोटी कशीही असली तरी त्या कथेत मनोऱ्याने खालच्या माणसासाठी काहीतरी करावे, अशी अपेक्षा आहे. त्यानंतर गिरण्यांच्या चिमण्या आल्या. चिमणी उंच असे ती धूर वस्तीच्या वर जावा म्हणून, आणि ती धूर ओकत असेल तर घरात पगार येणार हे खालच्या बायकांना कळे. तिचा धूर त्यांच्या फुप्फुसांतही जात असेच. पण निदान त्या उंचीचा आणि खालच्या आयुष्याचा काही देवघेवीचा संबंध होता.

लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर 'वर्ल्ड वन' हा निवासी टॉवर २०२० साली पूर्ण झाला. त्याची उंची सुमारे २८० मीटर. फुटांचे मीटर झाले, आकडा तोच राहिला. हा निव्वळ योगायोग आहे. भाषेच्या माणसांना असल्या योगायोगांचा मोह पडतो, तो वाचकांनी क्षम्य मानावा. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या इमारतीचा मूळ बेत ११७ मजल्यांचा, ४४२ मीटरचा होता. ती ७६ मजल्यांवर थांबली. का थांबली? परिसरातल्या रहिवाशांनी हरकत घेतली म्हणून नव्हे, आणि पाणी, मलनिस्सारण, रस्ता यांचा हिशेब जमला नाही म्हणूनही नव्हे. विमानतळ प्राधिकरणाने एवढ्या उंचीला परवानगी दिली नाही, म्हणून.

आमचा सारा मुद्दा या एका घटनेत आहे. आकाशातून जाणाऱ्याला धोका होऊ नये म्हणून नियम आहे, तो मोजणारे कार्यालय आहे, आणि त्या कार्यालयाने नाही म्हटले की शेकडो कोटींच्या प्रकल्पालाही मान तुकवावी लागते. हे योग्यच आहे. पण जमिनीवरून चालणाऱ्याच्या वतीने असा नकार देणारे कोण आहे? मंजुऱ्या पुष्कळ लागतात, समित्याही असतात. परंतु या रस्त्याला, या पुलाला, या स्टेशनाला आणखी माणसे सोसवत नाहीत, म्हणून मजले कमी करा, असे सांगून इमारत खुजी करणारा अधिकार आमच्या पाहण्यात नाही.

ज्या जमिनीवर हे टॉवर उभे राहिले तिच्याबाबतही असेच घडले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, हे वाचकांना सांगायला नको. संपानंतर प्रश्न उरला तो सुमारे सहाशे एकर गिरणी जमिनीचा. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिची सरळ वाटणी केली होती : ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ साली या जमिनींचा एकत्रित विचार मांडला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी एकूण जमिनीची न राहता फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीची झाली. शेडने व्यापलेली जागा वगळली की वाटायला उरते काय? उच्च न्यायालयाने २००५ साली ही दुरुस्ती मोकळ्या जमिनीपुरती ठेवणारा अर्थ नाकारला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. व्याकरण शिकवणाऱ्यांनी हे प्रकरण वर्गात जरूर सांगावे. एका विशेषणाची व्याप्ती बदलली आणि एका शहराची मैदाने गेली.

कामगारांच्या घरांचे काय झाले? दीड लाखाहून अधिक कामगार आणि वारसांनी अर्ज केले. ज्यांच्या हाती किल्ल्या पडल्या त्यांची संख्या त्यामानाने फारच तोकडी. जुलै २०२५ मध्ये गिरणी कामगार आझाद मैदानात जमले, तेव्हा शेलू आणि वांगणी येथे देऊ केलेली घरे नकोत, मुंबईतच हवीत, ही त्यांची एक मागणी होती. ज्यांच्या जागेवर शहर उभे वाढले त्यांना आडवे सरकवले गेले, कर्जतच्या दिशेने.

उंच इमारतींच्या बाजूचा युक्तिवाद आम्ही उडवून लावत नाही. मुंबई चिंचोळी आहे, तिन्ही अंगांनी पाणी आहे, पसरायला वाव नाही; वर गेलो नाही तर विरार-बदलापूरच्या गाड्यांना लोंबकळणे कायमचे. हे खरे आहे. पण हा युक्तिवाद उंचीचा नसून दाटीचा आहे, आणि अतिउंच इमारत दाटी पोसते असे नाही. मजले वाढले की उद्वाहने, जिने, वाऱ्याला तोंड देणारा सांगाडा यांतच जागा आणि पैसा जातो; बांधणीचा खर्च इतका चढतो की घर श्रीमंताखेरीज कोणाला परवडत नाही, आणि श्रीमंताला चार शयनगृहे लागतात. २०११च्या जनगणनेनुसार मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी होती, आणि त्याच जनगणनेत शहरातली चाळीस टक्क्यांहून अधिक कुटुंबे झोपडपट्टीत होती. उंचीने ही दोन टोके जवळ आणली असती तर आम्हीही तिचे पोवाडे गायले असते.

आणि खालचा भार मात्र पुरता वाढला. २९ सप्टेंबर २०१७च्या सकाळी, पावसात, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. भोवतालच्या गिरण्यांची कार्यालये झाली होती, त्या कार्यालयांत येणारी माणसे वाढली होती, आणि जिना मात्र अरुंदच राहिला होता. आम्हा दोघांपैकी एक जण त्या पुलाचा नित्याचा प्रवासी. त्या दिवशी व्याख्यान दुपारी होते, इतकेच. पुढे २०१८ मध्ये स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. नावे बदलण्यात आपण तत्पर आहोत. जाहिरातींनी लोअर परळच्या काही भागाला 'अप्पर वरळी' केले तेव्हाही असेच झाले : लोअरचे अप्पर करायला एक इमारत पुरली, त्या भागातल्या माणसाचे मात्र काही अप्पर झाले नाही.

जयंत पवार यांनी १९९७ साली 'अधांतर' लिहिले. संपानंतरच्या कामगार कुटुंबाची ती गोष्ट. शीर्षकातच माणूस ना वर ना खाली, मधे लटकलेला. पुढे 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या त्यांच्या कथासंग्रहाला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. फिनिक्स ही गिरणीही होती आणि मॉलही आहे, हे परळकराला वेगळे सांगावे लागत नाही. पवार २०२१ साली गेले. त्यांच्यानंतर या टॉवरच्या आतून लिहिलेले मराठीत फारसे काही आमच्या वाचनात आले नाही. सामानाच्या लिफ्टनेच जावे लागणारी मोलकरीण, चाळीसाव्या मजल्यावर काचा पुसणारा, पहाऱ्यावर बारा तास उभा असलेला, आणि बहुधा याच जागेवर ज्याचा बाप साच्यावर उभा असायचा असा रखवालदार : ही माणसे अजून आमच्या साहित्याच्या तळमजल्यावरच उभी आहेत. टॉवर नाकारण्यात मराठी लेखकाने त्यांनाही पाहायचे नाकारले की काय, अशी शंका येते.

आता त्या मुलीकडे वळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींतील घरांच्या चाव्या मिळाल्या. तिच्या आजीचा क्रमांक पुढे केव्हा तरी आहे. तो लवकर यावा असेच आम्हाला वाटते. पण उंच इमारत ही एकदा बांधून संपत नाही. मुंबई अग्निशमन दलाची सर्वांत उंच शिडी ९० मीटरच्या आसपास पोहोचते. त्यावरच्या माणसाचा जीव इमारतीतल्या पंपांवर, पाण्याच्या टाक्यांवर, आसरा-मजल्यांवर अवलंबून. ऑक्टोबर २०२१ मध्ये करी रोडच्या साठाहून अधिक मजल्यांच्या इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली आणि एक माणूस खाली पडून मेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावात आग लागली ती झोपडपट्टी पुनर्वसनातल्या बुटक्या इमारतीला, आणि तिथे अधिक माणसे गेली. म्हणजे जीव घेते ती निव्वळ उंची नव्हे. देखभाल नसणे घेते. श्रीमंतांच्या टॉवरमध्ये देखभालीचा दरमहा खर्च एखाद्या प्राध्यापकाच्या पगाराला लाजवणारा असतो. पस्तिसाव्या मजल्यावरच्या आजीची लिफ्ट दहा वर्षांनी बंद पडेल तेव्हा ती दुरुस्त कोण करील?

हा प्रश्न आम्ही स्पर्धेनंतर तिला विचारला. ती म्हणाली, "मॅडम, आत्ताचा जिनाही आम्हीच वर्गणी काढून दुरुस्त करतो."

आमच्यापैकी एकाने तिला पहिला क्रमांक दिला होता, दुसऱ्याने तिसरा. तिसरा देणाऱ्याचे म्हणणे असे की तिने शहराचा विचार केला नाही, फक्त आपल्या घराचा केला. पहिला देणाऱ्याने उत्तरादाखल एवढेच विचारले, की त्या सभागृहात शहराचा विचार करणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरात संडास नव्हता. सरासरी काढून तिला दुसरे बक्षीस मिळाले. बक्षीस म्हणून पुस्तक द्यायची आमची प्रथा आहे. 'बटाट्याची चाळ'ची प्रत आणून ठेवलेली होती. ती आम्ही कपाटात परत ठेवली आणि 'अधांतर' दिले.