दुकानाचा संगणक : विनामूल्य साधने आणि वहीची सुरक्षा

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर नळदुर्ग हे गाव आहे. येथील बाजारपेठेत असो वा तुळजापूर, उमरग्याच्या पेठेत असो, भुसार, किराणा, कापड किंवा हार्डवेअरच्या बहुतेक दुकानांच्या गल्ल्याशेजारी आता एक संगणक दिसतो. पूर्वी लाल कापडी बांधणीची वही तिजोरीत जात असे आणि तिजोरीची किल्ली शेटजींच्या कमरेला असे. आज रोजमेळ, खतावणी, उधारीची यादी, जीएसटीची विवरणपत्रे आणि मालाची शिल्लक हे सारे त्या एका यंत्रात असते. त्या यंत्रावर बसणारा बहुधा पगारी मुनीम किंवा घरातला कॉलेजात शिकणारा मुलगा असतो. तिजोरीची जेवढी काळजी घेतली जाते, तेवढी या यंत्राची घेतली जात नाही. बहुतेक दुकानांत नवा संगणक आला की दुरुस्तीवाला पेनड्राइव्ह लावतो, अर्ध्या तासात ‘सगळे’ भरून देतो आणि निघून जातो. त्या ‘सगळ्या’मध्ये काय होते, हे कोणी विचारत नाही.

त्यात पुष्कळदा विंडोजची आणि ऑफिसची परवाना नसलेली प्रत असते. कुलूप तोडलेली, म्हणजे ‘क्रॅक’ केलेली. ही प्रत फुकट पडते असा समज आहे. प्रत्यक्षात तिची किंमत दुसऱ्या रीतीने द्यावी लागते. अशी प्रत चालू करण्यासाठी अनेकदा व्हायरसविरोधी संरक्षण आधी बंद करावे लागते. घराचा पुढचा दरवाजा उघडा ठेवून अनोळखी माणसाला आत बोलावण्यासारखेच हे आहे. त्याने आत काय ठेवले, हे नंतर कळण्याचा मार्ग नाही. शिवाय सुरक्षेच्या दुरुस्त्यांमुळे कुलूप पुन्हा बसेल या भीतीने त्या दुरुस्त्याही थांबवल्या जातात.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63 ब नुसार संगणक प्रणालीची अवैध प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. त्यास किमान 7 दिवस ते कमाल 3 वर्षे कारावास आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालयाला सौम्यता दाखवता येते. दुकानाच्या संगणकाला ही सवलत लागू होत नाही. आणि कायद्यापलीकडेही एक गोष्ट आहे. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत तदाहृतादान आहे, म्हणजे दुसऱ्याने चोरून आणलेली वस्तू घेणे. कमी मापाने माल देणे ज्या घरात पाप मानले जाते, त्याच घरातील जमाखर्च चोरलेल्या प्रणालीवर लिहिला जावा, ही विसंगती लक्षात येण्यासारखी आहे. आनंदाची बाब अशी की ती दूर करण्यास फारसा खर्च येत नाही.

मात्र ‘फुकट’ या एका शब्दात चार निरनिराळ्या गोष्टी येतात. व्यापाऱ्याने त्यांतील भेद ओळखला पाहिजे. पहिली मुक्तस्रोत प्रणाली: तिचा परवानाच कोणालाही, दुकानासाठीसुद्धा, वापरण्याची मुभा देतो. दुसरी केवळ घरगुती वापरासाठी विनामूल्य असते. दूरवरून दुसऱ्याचा संगणक हाताळण्याची टीमव्ह्यूअर ही प्रणाली याचे ठळक उदाहरण होय. ती खासगी वापराला फुकट आहे, धंद्याला नाही. तिसरी चाचणीपुरती असते. विनरार ही प्रणाली 40 दिवसांनंतरही चालत राहते, परंतु परवाना घेण्याची अट तिने सोडलेली नसते. चौथी जाहिरातींवर किंवा ग्राहकाच्या माहितीवर जगते. कोणतीही प्रणाली घेण्यापूर्वी तिच्या मूळ संकेतस्थळावर परवान्याची चार वाक्ये वाचली, तर ती यांपैकी कोणत्या प्रकारची आहे ते कळते. उतरवून घेतानाही मूळ संकेतस्थळच गाठावे. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारा दुवा पुष्कळदा जाहिरात असतो.

आता प्रत्यक्ष साधनांकडे वळू. पत्रे, कोटेशन आणि तक्ते यांसाठी लिब्रेऑफिस पुरेसे आहे. 2010 साली ओपनऑफिसपासून वेगळी झालेली ही प्रणाली बर्लिन येथील द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था सांभाळते. तिच्यात मराठी मांडणी निवडता येते, वर्ड व एक्सेलच्या फाइली उघडतात आणि कोटेशनची पीडीएफ करताना तिला पासवर्डही लावता येतो. एक मर्यादा सांगितली पाहिजे. जीएसटी पोर्टलवरून मिळणारी काही साधने एक्सेलच्या मॅक्रोवर चालतात. ती लिब्रेऑफिसमध्ये चालतीलच असे नाही. ज्या संगणकावरून विवरणपत्रे भरली जातात, त्या एका यंत्रापुरता ऑफिसचा रीतसर परवाना घ्यावा आणि उरलेल्या यंत्रांवर लिब्रेऑफिस ठेवावे, हा हिशेब बहुतेकांना परवडतो.

फाइली एकत्र बांधून पाठविण्यासाठी 7-झिप आहे. ईगोर पावलोव यांनी 1999 मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली ही प्रणाली कार्यालयातही विनामूल्य वापरता येते आणि तिच्या गठ्ठ्याला पक्के कुलूप लावता येते. करसल्लागाराकडे बँकेची विवरणे पाठवायची असतील, तर ती अशा कुलुपात बांधावीत आणि पासवर्ड त्याच ई-मेलमध्ये न लिहिता फोनवर सांगावा. पीडीएफची पाने जोडण्यासाठी वा सुटी करण्यासाठी पीडीएफसॅम बेसिक घ्यावे. हे काम फुकट करून देणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. परंतु तेथे आधार कार्ड, पॅन किंवा बँकेचे विवरण चढवणे म्हणजे कागद अनोळखी माणसाच्या हाती देणे होय. प्रवचनांच्या ध्वनिफिती किंवा लग्नाची चित्रफीत पाहण्यासाठी व्हीएलसी आहे. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या उपक्रमातून ते जन्माला आले आणि 2001 पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे.

पासवर्डांचा प्रश्न सर्वांत अवघड वाटतो. बँक, जीएसटी, ई-वे बिल, प्राप्तिकर अशा दहा ठिकाणी एकच पासवर्ड, आणि तो पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर, हे चित्र परिचयाचे आहे. कीपासएक्ससी ही मुक्तस्रोत प्रणाली सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलीत ठेवते. लक्षात ठेवायचा तो केवळ एक. ती फाइल आपल्याच संगणकावर राहते. तो एक पासवर्ड बंद लिफाफ्यात घालून घरातील जबाबदार व्यक्तीकडे द्यावा. घरचा कर्ता अकस्मात गेला आणि कुटुंबाला स्वतःच्याच हिशेबापर्यंत पोचता आले नाही, असे होऊ नये.

मराठी लिहिण्याची अडचण आता राहिलेली नाही, तरी जुन्या सवयी राहिल्या आहेत. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लिहिलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात, कारण त्या फाइलीत मराठी अक्षर नसतेच. इंग्रजी अक्षराला मराठी रूप चढवलेले असते. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. म्हणून ते मोबाइलवर, ई-मेलमध्ये आणि शोधतानाही तसेच टिकते. विंडोज 10 च्या 2019 मधील आवृत्तीपासून मराठीचा उच्चारानुसारी कळफलक अंगभूत मिळतो. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की विंडोज कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. ग्राहकांची नावे आणि गावे युनिकोडमध्ये लिहिली, तर यादी अकारविल्हे लावता येते आणि हवे ते नाव क्षणात सापडते. अक्षरवळणासाठी मुंबईच्या एक टाइप या गटाचा मुक्त हा फाँट नावाप्रमाणेच मुक्त परवान्याचा आहे.

काही कळजोड्या मुनिमाला पाठ असाव्यात. गल्ल्यावरून उठताना विंडोज कळ आणि एल दाबली की पडदा कुलूपबंद होतो. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून पडद्याच्या हव्या तेवढ्याच भागाचे चित्र घेता येते. व्यवहार अडकल्यास बँकेला दाखविण्यास ते उपयोगी पडते. विंडोज आणि व्ही दाबल्यास आधी नकल केलेल्या अनेक गोष्टींची यादी समोर येते. ही सोय एकदा चालू करावी लागते. चुकून बंद झालेले संकेतस्थळाचे पान कंट्रोल, शिफ्ट आणि टी यांनी परत उघडते.

यापुढचा मुद्दा सर्वांहून महत्त्वाचा आहे, तो म्हणजे हिशेबाची दुसरी प्रत. 27 जून 2017 रोजी महाराष्ट्राने याचा धडा जवळून पाहिला. त्या दिवशी युक्रेनमधून नॉटपेट्या नावाचा घातक संगणक-विषाणू पसरला. तो पसरला तेथील व्यापाऱ्यांच्या कर-हिशेबाच्या एका लोकप्रिय प्रणालीतून. हल्लेखोरांनी तिच्या अद्ययावतीकरणातच विष मिसळले होते. मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पडले आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलवरील कंटेनरची चढउतार ठप्प झाली. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा फटका रायगड जिल्ह्यातल्या मालाला बसला. त्या कंपनीला सुमारे 10 दिवसांत 4 हजार सर्व्हर आणि 45 हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. तिच्या संपूर्ण जाळ्याचा नकाशा ठेवणाऱ्या प्रमुख सर्व्हरच्या प्रती जगभर होत्या, परंतु त्या सर्व एकमेकींशी जोडलेल्या असल्याने एकाच वेळी नष्ट झाल्या. वाचली ती फक्त घाना देशातील एका कार्यालयातील प्रत. हल्ल्यापूर्वी तेथे वीज गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता.

मराठवाड्यातल्या वाचकाला खंडित विजेचे एवढे कौतुक प्रथमच ऐकायला मिळत असेल. पण त्यातला बोध नेमका आहे. कायम जोडलेली प्रत ही सुरक्षित प्रत नव्हे. संगणकालाच सदैव खोचलेला पेनड्राइव्ह विषाणूच्या एकाच घासात जातो. यासाठी तीन-दोन-एक हा नियम सांगितला जातो: हिशेबाच्या 3 प्रती, 2 निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील 1 दुकानाबाहेर. व्यवहारात ते असे करता येते. रोज दुकान बंद करताना हिशेबाच्या प्रणालीतील बॅकअपची आज्ञा द्यावी. आठवड्याला दोन बाह्य हार्ड डिस्क आलटून पालटून वापराव्यात. प्रत झाली की डिस्क काढून एक घरी न्यावी. तिसरी प्रत 7-झिपच्या कुलुपात बांधून गूगल ड्राइव्हवर ठेवावी. तेथे 15 जीबी जागा विनामूल्य मिळते, मात्र ती जीमेल आणि फोटोंसह एकत्र मोजली जाते.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणी महाल बांधला आहे. पावसाळ्यात नर आणि मादी या सांडव्यांवरून पाणी कोसळत असते, पण बांधाच्या आतील दालन कोरडे राहावे अशी त्याची रचना आहे. पूर येणारच, हे गृहीत धरून केलेले ते बांधकाम आहे. हिशेबाची प्रतही याच विचाराने ठेवली पाहिजे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाचे दफ्तर वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने जपावे लागते. एवढ्या काळात एक तरी हार्ड डिस्क बिघडेल, हे धरूनच चालावे.

जुन्या संगणकांविषयीही निर्णय घेणे भाग आहे. विंडोज 10 चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा-व्यवस्था लागते. ती नसल्याने चांगली चालणारी अनेक यंत्रे मागे राहिली आहेत. अशा यंत्रावर लिनक्स मिंट ही मुक्तस्रोत प्रणाली बसवता येते. तिच्यासोबत लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स आलेलेच असतात. मात्र विंडोजसाठी केलेल्या हिशेबाच्या प्रणाली तिच्यावर सरळ चालत नाहीत. म्हणून मिंट घरच्या मुलांच्या अभ्यासासाठी आणि पत्रव्यवहारासाठी योग्य; हिशेबाच्या यंत्रासाठी विंडोज 11 चा परवाना घेणे इष्ट.

‘बँकेतून बोलतो, हे ॲप उतरवा, पडदा दाखवा’ असे कोणी फोनवर सांगितले, तर फोन ठेवून द्यावा. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच, तर त्याच घटकेला 1930 हा क्रमांक फिरवावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी थोपवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

हे सर्व एका दिवसात होणार नाही. पहिल्या रविवारी दुकानातील प्रत्येक प्रणालीचे नाव कागदावर लिहून तिच्यापुढे परवाना कोणता, हे नोंदवावे. दुसऱ्या रविवारी अवैध प्रती काढून वर सांगितलेली साधने बसवावीत, परंतु त्यापूर्वी हिशेबाची प्रत बाहेर काढून घ्यावी. तिसऱ्या रविवारी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. बहुतेक दुकानांत हीच पायरी राहून जाते. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे मोजून न घेतलेली रक्कम. मार्चअखेरची शिल्लक आणि त्या उघडलेल्या प्रतीतील शिल्लक पैशापर्यंत जुळली, तर दुकानाची वही सुरक्षित आहे असे समजावे. न जुळल्यास चूक त्याच दिवशी शोधावी. मूळ वही अजून हाताशी असते.