‘हिंदू’ विकासदर आणि शिरोलीची भट्टी

खंडेनवमीच्या दिवशी शिरोली एमआयडीसीतून फेरफटका मारला, तर फाउंड्र्यांच्या दारांवर झेंडूची तोरणे दिसतात. यंत्रांना हळदकुंकू वाहिलेले असते आणि ज्या भट्टीत एरवी लोखंडाचा रस उकळतो, तिच्यापुढे नारळ फोडलेला असतो. कोल्हापूरच्या वेशीवर, पुणे-बेंगळुरू महामार्गालगत वसलेल्या या वसाहतीत ओतलेले भाग देशभरच्या ट्रॅक्टर-ट्रकांत बसतात, काही समुद्रापारही जातात. देवावरील श्रद्धा आणि कारखान्यातील उत्पादन यांचे वैर आहे, असे येथील उद्योजकाला वा मोल्डरला कोणी सांगितले, तर तो हसून पुन्हा साच्याकडे वळेल. परंतु अर्थशास्त्राच्या इंग्रजी परिभाषेत असे वैर सुचवणारी एक संज्ञा जवळजवळ अर्धशतक सुखेनैव नांदत आहे. ती म्हणजे ‘हिंदू रेट ऑफ ग्रोथ’.

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक राज कृष्ण यांनी 1978 साली हा शब्दप्रयोग केला. 1950 नंतरच्या तीन दशकांत भारताचे राष्ट्रीय उत्पन्न वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांनी वाढले. लोकसंख्यावाढ वजा जाता माणशी उत्पन्नाची वाढ सव्वा-दीड टक्क्याच्या पुढे सरकेना. युद्धे झाली, दुष्काळ पडले, दिल्लीत सत्तांतरही झाले. पण आकडा मात्र ढिम्म. या चिवट स्थैर्याला राज कृष्ण यांनी ते नाव दिले. ते स्वतः सरकारी नियंत्रणांचे टीकाकार होते, हे विसरता कामा नये. त्यांचा तो चिमटा होता. पुढे मात्र चिमट्याचा सिद्धांत झाला. हिंदू माणूस दैववादी, अल्पसंतुष्ट, ऐहिकाविषयी उदासीन. म्हणून त्याची अर्थव्यवस्था मंद, असे शहाणपण चर्चासत्रांतून वाटले जाऊ लागले.

इतरांच्या मंदगतीला कोणती नावे मिळाली, हे पाहण्याजोगे आहे. वाढ खुंटलेली आणि महागाई भडकलेली, या दुहेरी दुखण्याला ब्रिटनमध्ये 1965 साली ‘स्टॅगफ्लेशन’ हा शब्द सापडला. नैसर्गिक वायूचे घबाड मिळूनही हॉलंडचे कारखाने मागे पडले, तो ‘डच डिसीज’ ठरला. 1980 नंतरची लॅटिन अमेरिकेची पीछेहाट ‘हरवलेले दशक’ म्हणून नोंदली गेली. कोणी देशाचे नाव घेतले, कोणी काळाचे. चर्चला वा बायबलला कोणी जबाबदार धरले नाही. खुद्द इंग्रजी अमलाच्या अखेरच्या अर्धशतकात भारताची वाढ जेमतेम एक टक्क्याच्या आसपास रेंगाळत होती. त्या दराचे ‘ख्रिस्ती’ असे बारसे कोणी केल्याचे ऐकिवात नाही, आणि करूही नये.

मग साडेतीन टक्क्यांचे खरे जनक कोण? उत्तरासाठी कोल्हापुरातच थांबावे. संस्थानी काळापासून या शहरातील कारागिरांनी यंत्रे उघडून, न्याहाळून, पुन्हा जुळवून विद्या मिळवली. उद्यमनगरात शेतकऱ्यासाठी ऑइल इंजिने आणि पंप घडू लागले, तेव्हा कोणाकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. हा समाज ऐहिकाविषयी उदासीन? मात्र 1951च्या औद्योगिक कायद्यानंतर देशात मोठा कारखाना काढायचा वा वाढवायचा, तर परवाना दिल्लीहून आणावा लागे. पोलाद, कोळसा, आयात केलेले यंत्र, सगळ्यांवर कोट्याचा नाहीतर परमिटाचा पहारा होता. लहान उद्योगासाठी वस्तू राखीव ठेवल्या, त्याबरोबर लहान राहण्यातच शहाणपण आहे हा धडाही दिला. गाड्या मोजक्याच बनत आणि स्कूटरसाठी ग्राहक वर्षानुवर्षे नंबर लावून बसे. तिथे गाडीचे सुटे भाग ओतणाऱ्याने भट्टी वाढवायची ती कोणासाठी?

1980च्या दशकात नियंत्रणे थोडी सैलावली, तर वाढ साडेपाच टक्क्यांवर गेली. 24 जुलै 1991 रोजी नरसिंह राव सरकारने बहुतेक उद्योगांचा परवाना रद्द केला. श्रेय ज्याचे त्याला द्यावे. पुढच्या दशकांत मोटारउद्योग फोफावला, त्याची मागणी शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलपर्यंत पोहोचली. कोल्हापूर ओतकामाचे देशातील एक प्रमुख केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले. या काळात शिरोलीने धर्म बदलला नव्हता. जोतिबाची चैत्र यात्रा चुकली नाही, अंबाबाईचा नवरात्रोत्सव चुकला नाही. बदलले ते दिल्लीतील नियम.

तरीही ही संज्ञा मरत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर 2022 या तिमाहीत वाढ 4.4 टक्क्यांवर उतरल्याचे आकडे आले आणि मार्च 2023 मध्ये रघुराम राजन यांनी ‘हिंदू’ दराच्या धोकादायकरीत्या जवळ गेल्याचा इशारा दिला. स्टेट बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी तो खोडून काढला. इशारा देण्याचा अधिकार कोणालाही आहे. शब्द तोच का, हा प्रश्न उरतो.

मात्र शब्दावर संतापून काम संपत नाही. 2019 साली शिरोलीत ‘मंदी आली’ एवढेच बोलले जात होते, जणू मंदी म्हणजे वळवाचा पाऊस. प्रत्यक्षात 2018 मध्ये ट्रकची भारमर्यादा वाढवल्याने नव्या ट्रकची गरज घटली, वित्तसंस्थांच्या पेचामुळे वाहनकर्ज आटले आणि बीएस-6 मानकांची मुदत जवळ आली. पहिला आणि तिसरा निर्णय सरकारचेच होते. दोन्हींमागे सबळ कारणे होती, तरी त्यांचा एकत्रित भार भट्टीवर पडणार हे ओळखता आले असते. कंत्राटी कामगाराला घरी बसावे लागले, त्याला ‘मंदी’ हा शब्द काहीच सांगत नव्हता. त्यात ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. जुलै 2021 मध्ये तेच पुन्हा घडले. इंडक्शन भट्टीला लागणारी वीज महाराष्ट्रात महाग आणि सीमेपलीकडे स्वस्त, म्हणून कर्नाटकात जाण्याचा इशारा कोल्हापूरच्या उद्योजकांनी एकदा नव्हे, अनेकदा दिला आहे. सीमा भागातील उद्योग आणि मराठी तरुणाचा रोजगार, दोन्ही त्या वीजदराच्या तक्त्याला बांधलेले आहेत. तो तक्ता मुंबईत ठरतो.