‘मुक्ता’ आणि आपण

जब्बार पटेलांचे नाव निघाले की जाणकार ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ यांवर तासभर बोलतात. १९९४ चा ‘मुक्ता’ त्यांच्या यादीत शेवटी येतो, तोही कुणी आठवण दिली तर. सदरच्या लिबर्टी नि स्मृती टॉकीजपुढे रांगा लावण्यात ज्यांची उमर गेली, त्या आम्हा सिनेमावेड्यांना हे खटकते.

अमेरिकेत वाढलेली, राजकारणी मराठा घराण्यातली मुक्ता (सोनाली कुलकर्णी) महाराष्ट्रात येते. तिचे मन जडते मिलिंद वाघ (अविनाश नारकर) या दलित कवी-कार्यकर्त्यावर. मागाहून तिचा काळा अमेरिकन मित्र ज्युलियनही येतो. वर्णभेद आणि जातिभेद एकाच कथेत समोरासमोर! बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी ‘ब्लॅक पँथर’वरून ‘दलित पँथर’ हे नाव घेतले. सभांतून ऐकलेले हे नाते मराठी पडद्यावर आणले, ही पटेलांची कमाई.

उणेही आहे. ‘सामना’तला तेंडुलकरांचा मास्तर दारुडा, तर हिंदुराव गुन्हेगार असूनही माणूस वाटतो. मिलिंद मात्र धुतल्या तांदळासारखा. बोलू लागला की समोर माईक आहे असेच वाटते. आपल्या वस्तीतला पोरगा असा बोलत नाही हो! त्याला घरभाडे असते, बहिणीच्या लग्नाची काळजी असते. शिवाय, मुक्तापुढे अमेरिकेचा रस्ता मोकळा आहे; मिलिंदने कुठे जायचे? प्रेमाची किंमत कोण चुकवतो, हे नागराज मंजुळेंनी २०१६ च्या ‘सैराट’मध्ये दाखवले तसे इथे अंगावर येत नाही.

‘मुक्ता’ला राष्ट्रीय एकात्मतेचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला. ठीक. पण १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ लिहिताना बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला होता. आणि आपण? वधू-वर मेळाव्यात हळूच पोटजात विचारणारे काका आपलेच ना? मराठ्यांची मुक्ता सून म्हणून आली तर स्वागत करू, फोटो काढू. पण आपली लेक आपल्याहून खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीचा मुलगा घेऊन आली तर? तेव्हा मुक्ताच्या घरच्यांसारखे किती निघतील!

हीच सोनाली कुलकर्णी पुढे २००० साली पटेलांच्याच ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’मध्ये रमाई झाली. तो चित्रपट आपल्याकडे जयंतीला पडदा लावून दाखवतात. यंदा त्याच्या आदल्या रात्री ‘मुक्ता’ लावा. त्या काकांना पुढच्या रांगेत बसवा.