न वापरलेल्या बंदुकीचे करायचे काय?

जिल्हाधिकारी कार्यालयात ज्यांना शस्त्राचा नवा परवाना हवा असतो ते वारंवार येतात, शिफारशी आणतात, नकार मिळाल्यास अपिलात जातात. ज्यांच्याकडे परवाना आहे पण बंदुकीची गरज उरलेली नाही, ते सहसा येत नाहीत. मुदत संपली की शुल्क भरून नूतनीकरण करून घेतात, आणि बंदूक पुन्हा कपाटात जाते. प्रशासनाचे सारे लक्ष पहिल्या गटाकडे असते. मला मात्र दुसरा गट अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

या विचाराला निमित्त झाले ते कुंभकोणमच्या एका मराठी कुटुंबाचे. व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावर परिसरात जी मराठी घराणी स्थिरावली, त्यांपैकी अनेकांनी कावेरीकाठच्या या गावी घरे केली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथे दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली इथेच जन्मले. १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला, १८५५ साली राज्यही खालसा झाले. पण घरांत मराठी टिकली. मी म्हणतो त्या घरात मराठीबरोबर आजोबांच्या वेळची एक दुनळी बंदूकही टिकली आहे. वडिलांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, मुलगा चेन्नईत आणि मुलगी अमेरिकेत. बंदूक शेवटची कधी उडाली हे कुणालाच आठवत नाही. ठेवावी की विकावी, असा त्यांचा प्रश्न होता. घरापासून दूर राहणाऱ्या अनेक वाचकांच्या मूळ घरीही तो असू शकेल, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम कायदा पाहू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या ३ वरून २ वर आणली, आणि वारशाने मिळणाऱ्या शस्त्रालाही तीच मर्यादा घातली. परवान्याची मुदत मात्र ३ वर्षांवरून ५ वर्षे झाली. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा शस्त्र बाळगून त्याला २५ वर्षे झाली, की हयातीतच ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. वारसाची पात्रता अर्थातच स्वतंत्रपणे तपासली जाते.

विक्रीची वाटही कायद्यात आहे. विकत घेणाऱ्याकडे परवाना हवा. त्याचे नाव व पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावा लागतो, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र सोपवणे हा दुसरा मार्ग. परवानाधारकाचा मृत्यू झाल्यास कुटुंबाने विनाविलंब ते पोलीस ठाण्यात किंवा अशा विक्रेत्याकडे जमा करायचे असते. वारसाला पुढे परवाना मिळवून ते परत घेता येते किंवा विकून पैसे घेता येतात. ठरलेल्या मुदतीत यांपैकी काहीच केले नाही, तर ते सरकारजमा होऊ शकते.

आता ठेवण्याच्या बाजूने जे बोलले जाते ते पाहू. पहिले कारण संरक्षणाचे. आडरानातल्या शेतावर एकट्याने राहणाऱ्याची गरज मी नाकारणार नाही, नेमबाजाचीही नाही. पण कुंभकोणम हा भातशेतीचा सपाट, दाट वस्तीचा मुलूख आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषयही संपवला. ज्या बंदुकीची काडतुसे जुनाट झाली आहेत आणि जी चालवण्याचा सराव घरात कुणालाच नाही, ती चोराला भीती घालण्याऐवजी चोरीचा मालच ठरण्याची शक्यता अधिक. शिवाय निवडणूक आली की अनेक जिल्ह्यांत परवानाधारकांना शस्त्र ठाण्यात जमा करून निकालानंतर परत आणावे लागते. पंचाहत्तरीच्या माणसाने हे हेलपाटे कशासाठी घालावेत?

दुसरे कारण आठवणीचे, आणि त्याची थट्टा करणे मला योग्य वाटत नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याच्या कक्षेत आणले आणि युरोपियनांना मोकळीक दिली. त्या काळात परवाना मिळणे हा घराण्याचा मान समजला जाई. मात्र आजोबांची पगडी पेटीत पडून राहिली तर कुणाचे काही बिघडत नाही. बंदुकीचे तसे नाही.

माझ्या मते निर्णायक प्रश्न ताब्याचा आहे. वडील मुलाकडे राहायला गेले आणि घराला कुलूप लागले, तर बंदूक कुणाच्या ताब्यात? शेजाऱ्याकडे किंवा राखणदाराकडे ती सोपवणे म्हणजे परवाना नसलेल्या माणसाच्या हाती शस्त्र देणे. परवान्याशिवाय बंदूक बाळगण्यासाठी किमान २ वर्षांची कैद सांगितली आहे, आणि ती भोगण्याची पाळी ज्याने भलेपणाने किल्ली सांभाळली त्याच्यावर येऊ शकते. म्हणून मी त्या कुटुंबाला सांगितले की वारसांपैकी कुणी त्या गावी राहणार असेल, त्याला खरी गरज असेल आणि नियमांची जबाबदारी घेण्याची तयारी असेल, तरच परवाना त्याच्या नावे करावा. यांतले एकही उत्तर नकारार्थी असेल, तर वडील हयात असताना, त्यांच्याच सहीने विकून टाकावी. नंतर हीच गोष्ट दु:खात बुडालेल्या आणि परगावी राहणाऱ्या मुलांना घाईने करावी लागते.

मात्र सारा भार नागरिकावर टाकून प्रशासनाला मोकळे होता येणार नाही. ऑस्ट्रेलियात १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर सरकारने मोबदला देऊन सुमारे साडेसहा लाख बंदुका परत घेतल्या. आपल्याकडे एवढी मोठी योजना नको, पण तीन गोष्टी सहज करता येतील. नूतनीकरणाच्या अर्जातच ‘शस्त्र सोडण्याची इच्छा आहे काय’ असा रकाना असावा आणि पुढची कार्यपद्धती तिथेच छापलेली असावी. वर्षातून एक दिवस उपविभागीय स्तरावर पोलीस, महसूल अधिकारी आणि परवानाधारक विक्रेते यांनी एकत्र बसून अशी प्रकरणे निकाली काढावीत. आणि ज्यांना केवळ आठवण हवी आहे, त्यांच्यासाठी बंदूक कायमची निकामी करून, तशा प्रमाणपत्रासह घरी ठेवण्याची किंवा संग्रहालयाला देण्याची वाट सोपी करावी.

परवाना देताना आपण अर्जदाराला गरज सिद्ध करायला लावतो. पाच वर्षांनी नूतनीकरण करतानाही तोच प्रश्न तितक्याच गांभीर्याने विचारला, तर कपाटांतल्या कित्येक बंदुका कुठलीही सक्ती न करता बाहेर येतील असे मला वाटते.