शहरात छंद, गावात गुन्हा!

परवा पुण्यात मित्रानं क्राफ्ट बिअर चाखायला नेलं. लाकडी फळीवर सहा छोटे ग्लास. एकात धणे आणि संत्र्याच्या सालीचा वास, दुसऱ्यात हॉप्सचा कडूपणा, तिसरी काळीकुट्ट स्टाउट, भाजलेल्या माल्टमुळे कॉफीसारखी लागणारी. शेजारच्या टेबलावरची पोरं तर चक्क वहीत गुण देत होती. खरं सांगतो, मजा आली. घाई नाही, झिंगणं नाही, एकेका घोटावर चर्चा.

पण मंडळी, परतीच्या एसटीत एक गोष्ट डोक्यातून जाईना. गेली २० वर्षं मी 'मोहाचा सडवा नष्ट, मुद्देमाल जप्त' अशा बातम्या लिहितोय. फुलं किती वाळवायची, किती दिवस भिजवायची, पहिल्या धारेची कशी लागते, हे बारकाईनं सांगणारी म्हातारी माणसं आमच्या जंगलपट्ट्यातही आहेत. त्यांना कुणी रसिक म्हणत नाही. बेवडा म्हणतात!

नवसागर घातलेल्या विषाची वकिली मी करत नाही. उलट, चांगल्याला परवाना नसला की विषच उरतं. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये जीआय मिळालं. शेजारच्या मध्य प्रदेशानं आदिवासी बचत गटांना मोहाची 'हेरिटेज' दारू गाळायला परवानगी दिली. मग आपलंच घोडं कुठं अडलंय? तपासणी करा, कर घ्या, पण परवाना द्या.

चव सगळ्यांनाच कळते हो. कौतुक मात्र पत्ता बघून होतं.

पटत नसेल तर खाली भांडा. पण मुद्द्यावर!