वादळातील संदेश आणि एक जीप

तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ रोजी सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले. विजेचे खांब कोसळले आणि विजेपाठोपाठ भ्रमणध्वनीचे मनोरेही मुके झाले. आदल्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीस हाच अनुभव दिला होता. वर्षभरात दोनदा घडलेल्या गोष्टीस आकस्मिक म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

यावरील एक उपाय फारसा खर्चाचा नाही. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅम रेडिओचा, संच जीपमध्ये बसवता येतो. तो मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. मात्र गाडी सुरू करण्याची शक्ती शिल्लक राहावी म्हणून त्यास वेगळी बॅटरी देणे शहाणपणाचे. टपावर सुमारे अर्ध्या मीटरची अँटेना उभारली की १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आसपासच्या गावांशी बोलता येते. कोकणात डोंगर आडवे येतात. अशा वेळी झाडांना तार बांधून ७ मेगाहर्ट्झवर बोलल्यास संदेश आयनांबरावरून परावर्तित होऊन घाटापलीकडे जातो. २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद यांनी हौशी रेडिओवरूनच संदेश पोहोचविले होते.

अशी एक जीप नांदगावला असावी. महामार्गावरील या गावातून देवगडचा रस्ता फुटतो, आणि गाव किनाऱ्यापासून आत आहे. किनाऱ्यावर ठेवलेले साधन पहिल्याच तडाख्यात सापडण्याचा धोका असतो.

उपग्रह दूरध्वनी असताना हे कशाला, असे कोणी विचारील. दूरध्वनीवर दोघेच बोलतात. रेडिओवरील एक हाक त्या पट्ट्यावरील सर्वांस ऐकू जाते. संच वर्षभर पडून राहील, हा आक्षेपही टिकत नाही. आगीचा बंबही बहुतेक दिवस उभाच असतो. त्याचे मोल आगीच्या दिवशी कळते. ज्याचा लाभ साऱ्या गावास होतो, त्याचा खर्च एकटा गृहस्थ करीत नाही, हा अर्थशास्त्राचा साधा नियम होय. म्हणून हा भार जिल्हा परिषदेने उचलावा.

खरी टंचाई यंत्रांची नाही, चालविणाऱ्यांची आहे. केंद्र सरकारच्या परीक्षेविना परवाना मिळत नाही, आणि सरावाविना परवाना निरुपयोगी. येथे शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी पुढे यावे. जीप एका ठरावाने विकत घेता येईल. ती बोलती ठेवणारी माणसे तयार होण्यास मात्र काही पावसाळे जातील. प्रारंभ त्यांच्यापासूनच व्हावा.